तळाच्या पाण्याला दोन कुलपं

माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्याशी अबोला धरला तो तीन शतांश अंशांवरून. लोकांच्या घरी बांधावरून भांडणं होतात, कुंपणावर झुकलेल्या फणसावरून होतात. आमच्या घरात मात्र अरबी समुद्राच्या तळाचं पाणी दहा वर्षांत किती तापलं यावरून झालं. तीन शतांश अंश म्हणजे इतकी ऊब, की आंघोळीच्या बादलीत हात घातलात तर हाताला कळणार नाही आणि घरातल्या ताप मोजायच्या यंत्रालाही कळणार नाही. तेवढ्या उबेपायी आमचं साळपुळण गाव उठणार होतं.

साळपुळण मालवणच्या खाली, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर आहे. वस्ती सगळी आम्हा गाबितांची, म्हणजे समुद्रावर मासेमारी करणाऱ्यांची. मी निलांबरी मोंडकर. याच गावातून शिकून बाहेर पडले आणि फार लांब न जाता किनाऱ्यावरच्या खोलजल वेधशाळेत समुद्राचं तापमान मोजायला लागले. माझी थोरली बहीण सुगंधा, म्हणजे आक्का, गावातच राहिली. नाव सुगंधा आणि धंदा सुक्या मासळीचा. या विनोदावर हसायचं गावानं कधीच सोडून दिलंय. भावोजी गेल्यावर तिनं घरापुढच्या खळ्यात सोडे वाळवायला सुरुवात केली. आता तिची सुकी कोलंबी आखातापर्यंत जाते. सोडे चांगले वाळायला ऊन लागतं तसा खारा, न थांबणारा वारा लागतो, आणि तो साळपुळणीत फुकट आहे.

गाव उठवून जिथं न्यायचं होतं त्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावरही वारा होता, पण तो कातळावरचा. तिथं सरकारनं यंत्रानं छापलेली घरं ओळीनं उभी केली होती. घरं वाईट नव्हती. नळाला पाणी होतं, भिंती उन्हात तापत नव्हत्या. फक्त वसाहतीच्या नियमांत स्पष्ट म्हटलं होतं की उघड्यावर मासळी वाळवायची नाही. आक्कानं ते घर पाहिलं, दाराच्या चौकटीवर हात फिरवला आणि विचारलं, "हयसर मी दिवसभर करू काय? भिंतीकडे बघत बसू?"

आता समुद्राच्या तळाचा आणि या सगळ्याचा संबंध काय, हे सांगायला हवं. पाणी तापलं की फुगतं. समुद्र वर चढतो त्यातला मोठा वाटा या फुगण्याचा असतो. पण वरवरचं पाणी मोजून काही समजत नाही. ते एका पावसानं थंड होतं, एका उन्हाळ्यानं तापतं. वरचं पाणी म्हणजे माणसाचा मूड आणि तळाचं पाणी म्हणजे स्वभाव. तीन-चार किलोमीटर खाली उतरलेली ऊब शतकानुशतकं बाहेर येत नाही. म्हणून तळ किती तापला हे अचूक कळलं, तर पुढच्या पन्नास वर्षांत समुद्र किती चढेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. किनारा स्थलांतर कायदा याच आकड्यावर उभा होता. दहा वर्षांत दोन शतांशांच्या वर तळ तापला, की ज्या गावांची जमीन ठरलेल्या उंचीच्या खाली आहे ती गावं हलवायची. पाणी घरात शिरायची वाट बघायची नाही. कायदा शहाणा होता, हे मी आजही म्हणते.

तळाचा आकडा यायचा तो समुद्रतळावरून गेलेल्या इंटरनेटच्या केबलमधून. या केबलवर ठरावीक अंतरानं लोखंडी नळकांडी असतात. लांबचा प्रवास करून थकलेला प्रकाश तिथं पुन्हा जोरदार करून पुढं सोडला जातो. त्याच नळकांड्यांच्या शेजारी तापमापक बसवले होते. त्यांनी सांगितलं, तीन शतांश. आणि हे गावाला समजावून सांगायला वेधशाळेनं कुणाला पाठवलं, तर मला. गावचीच मुलगी आहे, लोक ऐकतील, असा हिशेब.

शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. मी पडद्यावर आलेख दाखवला. आक्का पुढच्याच रांगेत होती. ती उठली.

"निला, ह्या तळाचा पाणी तू डोळ्यांनी बघलंस?"

"नाय गो आक्का. इतक्या खोल कोण जायत? यंत्रान मोजल्यान."

"मगे त्या यंत्राकच सांग, हयसर येवन माका उठव म्हणान. तू कित्याक इलंस?"

लोक हसले. मी हसले नाही, कारण तिचे डोळे भरले होते. सभेनंतर तिच्या दारात गेले, तर तिनं आतून कडी घातली. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. तिच्याकडून दर हिवाळ्यात येणारी सोड्यांची पिशवीही बंद झाली. खोटं कशाला सांगू, पिशवी बंद झाल्याचं जास्त लागलं. भांडली असती तर परवडलं असतं.

आमच्या वेधशाळेचे प्रमुख डॉ. आठल्ये. माणूस रत्नागिरीकडचा, जिभेनं तिखट आणि कामात त्याहून. केबलच्या आकड्यांवर त्यांचा पहिल्यापासून एक संशय होता. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "अगं, नळकांड्यात वीज खेळते. म्हणजे ते थोडं गरम राहणार. खरं ना?"

"हो सर. पण आजूबाजूचं पाणी ती ऊब घेऊन जातं."

"पाणी घेऊन जातं. आणि चिखल?"

सिंधू नदीचा गाळ समुद्राच्या तळावर शेकडो किलोमीटर पसरत असतो. दहा वर्षांत त्यानं नळकांड्यांवर पातळ गोधडी घातली असेल, तर यंत्राची स्वतःचीच ऊब आत कोंडून राहणार. मग तापमापक जे सांगतोय ते समुद्राचं तापमान राहत नाही, ते गोधडीतलं तापमान होतं. गंमत म्हणजे ते तापमापक बसवण्याआधी हौदात बुडवून हजारदा तपासले होते. पण हौदातलं पाणी सतत ढवळलेलं होतं. त्यांना चिखलात पुरून कुणी पाहिलं नव्हतं. मोजणाऱ्या माणसाला स्वच्छ पाण्याची इतकी सवय असते की समुद्राला तळ असतो आणि तळाला गाळ असतो, हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

केबलवाल्यांचं म्हणणं होतं की गाळ इतका साचलेला नाही. खाली जाऊन एकेक नळकांडं बघायचं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. तोवर साळपुळण सड्यावर गेलेलं असतं. तेव्हा दुसऱ्या, अगदी वेगळ्या रीतीनं तळ मोजून बघायचा, एवढाच उपाय होता.

ती रीत आमच्याकडे होती. गरम पाण्यात आवाज जास्त वेगानं धावतो. कोकण किनाऱ्यासमोर समुद्रात खोलवर टांगलेल्या भोंग्यातून एक बारीक, घुमणारा सूर सोडायचा आणि ओमानच्या बाजूला टांगलेल्या कानानं तो ऐकायचा. मधलं अंतर कापायला त्याला वीस मिनिटं लागतात. सूर एकाच वाटेनं जात नाही. काही किरण वरून जातात, काही तळाजवळून वळून येतात. प्रत्येकाची पोचायची वेळ वेगळी, त्यामुळे खालून आलेले ओळखता येतात. वाटेतलं पाणी एक सहस्रांश अंश जरी तापलं, तरी सूर चारेक मिलिसेकंद लवकर पोचतो. एका जागेचं तापमान सांगणारा हा तापमापक नाही. अख्ख्या समुद्राच्या आरपार जाऊन तो सरासरी सांगतो, आणि त्याला चिखलाशी काही देणंघेणं नाही. दहा वर्षांपूर्वी आम्ही हा प्रयोग एकदा केला होता, मग निधी आटला. आता तोच सूर, त्याच जागांवरून पुन्हा सोडायचा आणि तेव्हाच्या वेळेशी ताडून बघायचा. सरकारनं परवानगी दिली आणि मुदतही दिली.

हे काम करू शकणारी वेधशाळेत मी एकटीच उरले होते. आणि आठल्ये सर म्हणाले, "तुला हे काम देता येत नाही."

माझा पारा चढला. "का? मी आकडे फिरवीन असं वाटतं तुम्हाला?"

"बस खाली. तू चोर नाहीस, निलांबरी. पण तुझा मेंदू चोर आहे. माझाही आहे. हवं ते उत्तर आलं की आपण चुका शोधायचं थांबतो. नको ते आलं की शोधत बसतो. तुझी सख्खी बहीण त्या गावात आहे. तुला काय हवंय हे शिपायालाही ठाऊक आहे."

यावर आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. आम्ही तिला आंधळी मोजणी म्हणतो. मोजायला बसण्याआधी एक तिऱ्हाईत माणूस गणकयंत्रात एक गुप्त आकडा घालतो. तो सगळ्या मोजमापांत मिसळला जातो. मोजणाऱ्याला दिसते ती वेळ खोटी असते, किती खोटी ते त्याला माहीत नसतं. त्यामुळे उत्तर हवं तिकडे वळतंय की नको तिकडे, हे कळायला मार्गच उरत नाही. सगळं काम संपलं, पद्धत कायम झाली, आता एक काना-मात्रा बदलायची नाही असं ठरलं, की सगळ्यांसमक्ष यंत्र गुप्त आकडा वजा करतं. मग जे येईल ते येईल.

सर गुप्त आकडा घालायला तयार झाले आणि काम मला मिळालं. पण ही गोष्ट गावात कळली तेव्हा सरपंच दाजींनी हात वर केला. "कुलूप तुमचा, किल्ली तुमची, आणि कोठी आमची? ह्या बरा आसा!" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मग ठरलं की दोन कुलपं लावायची. एक आकडा सरांचा, एक गावाचा. दोघांनी एकमेकांचा आकडा बघायचा नाही आणि माझ्याशी त्याविषयी एक शब्दही काढायचा नाही. निकाल लागायच्या आत कुणाचाही आकडा माझ्या कानावर आला, तर सगळी मोजणी रद्द. गावानं आपल्या वतीनं निवडलं कुणाला? आक्काला. तिच्याइतकी माझ्यावर रागावलेली दुसरी व्यक्ती गावात नव्हती, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही असं सगळ्यांना वाटलं.

मी दुसऱ्या खोलीत होते तेव्हा आक्का वेधशाळेत येऊन आकडा घालून गेली. सरांनी तिला समजावलं होतं की उणे शंभर मिलिसेकंदांपासून अधिक शंभरपर्यंत काहीही चालेल, आणि हे म्हणजे एक कुलूप आहे, कुणी लबाडी करू नये म्हणून. निकालापर्यंत दोघी बहिणींनी बोलायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. यावर शिपाई हसला म्हणे. बोलत कोण होतं?

कामाला लागले. भोंगा आणि कान दोन्ही दोरांवर टांगलेले असतात आणि प्रवाहाबरोबर झुलतात. दीड मीटर सरकले की एक मिलिसेकंद इकडचा तिकडे. तो झोका मोजून वजा करायचा, भरती-ओहोटी वजा करायची. हे सगळं कंटाळवाणं, पण सरळ काम. अडलं ते एका घड्याळापाशी.

दहा वर्षांपूर्वी ओमानच्या बाजूला जो कान टांगला होता, त्याच्या पोटात एक घड्याळ होतं. पाण्यात सोडताना ते बरोबर होतं, वर काढलं तेव्हा पुढे गेलेलं होतं. प्रश्न असा, की ते थंड पाण्यात शिरताक्षणी एकदम पुढे गेलं, की रोज थोडं थोडं जात राहिलं? एकदम गेलं असं धरलं तर समुद्र कमी तापल्याचं निघत होतं. हळूहळू म्हटलं तर जास्त. इथं गुप्त आकड्याचा काही उपयोग नव्हता. उत्तर रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे मला दिसत नव्हतं, पण कुठला पर्याय गावाच्या बाजूचा आहे हे स्वच्छ दिसत होतं.

एकदम, असं लिहून टाकावं, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. त्याच्या बाजूनं चार कारणंही मला सुचली, आणि चारही पटण्यासारखी होती. सर म्हणाले होते तो चोर हाच. मग मी भांडारातून त्याच जातीचं घड्याळ शोधून काढलं, तळाच्या पाण्याइतक्या गार पेटीत ठेवलं आणि उपग्रहाच्या वेळेशी ताडत राहिले. ते एकदम पुढे गेलं नाही. शहाण्या मुलासारखं रोज इवलंइवलं पुढे सरकत गेलं. मी कपाळावर हात मारला आणि गावाच्या विरुद्धचा पर्याय कायम केला.

त्याच आठवड्यात आक्का आली.

दुपारची वेळ होती. उन्हात बाहेर पडू नका असा इशारा देणारा उष्म्याचा भोंगा वाजून गेला होता, म्हणून बाहेर कुणी नव्हतं. मी वरच्या मजल्यावरून पाहिलं तर फाटकाबाहेर छत्री घेऊन आक्का उभी. मी धावत खाली गेले.

"आक्का, तू हयसर कित्याक इलंस? आपणाक बोलाचा नाय, ठाऊक आसा मा?"

"एकच गोष्ट विचारूची आसा. ता आकड्याचा..."

मी दोन्ही कानांत बोटं घातली. पन्नाशीला आलेली बाई, वेधशाळेच्या फाटकात, कानांत बोटं घालून "नको, नको, नको" असं ओरडत होते. तिचे ओठ हलत होते. तिनं छत्री मिटली, माझा हात ओढायला फाटकातून हात आत घातला. मी मागे सरकले आणि पाठ फिरवून चालायला लागले. वळून पाहिलं तेव्हा ती बसथांब्याकडे जात होती.

आकडा ऐकायची भीती होती हे खरं. पण आणखीही काही होतं. मी नुकताच तिच्या घराविरुद्ध कौल दिला होता आणि तो माझ्या तोंडावर दिसेल असं मला वाटत होतं. तिला काय विचारायचं असेल, या विचारानं पुढचे दिवस खाल्लेलं अन्न गोड लागलं नाही. ती आजारी तर नसेल? की गावानं तिला काही भलतंच करायला लावलं असेल?

निकाल साळपुळणीतच, शाळेत लागायचा होता. अख्खा गाव लोटला होता. जिल्ह्याच्या अधिकारी बाई आल्या होत्या, आणि केबलवाल्यांचे प्रतिनिधी म्हणून एक गृहस्थ कडक इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते. आक्का माझ्यापासून लांब, बायकांच्या बाजूला होती. माझ्याकडे बघत नव्हती. सरांनी पद्धत वाचून दाखवली, घड्याळाचा निर्णयसुद्धा. गावाच्या विरुद्धचा पर्याय का धरला ते ऐकताना काही माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला विसरता येत नाही.

मग सर म्हणाले, "आता कुलपं काढू. पहिलं माझं." पडद्यावर आकडा आला, उणे एकसष्ट. सर म्हणाले, "बरोबर. माझाच." यंत्रानं तो वजा केला.

"आता गावाचं."

पडद्यावर आकडा आला. शून्य.

शाळेत आधी कुजबुज झाली, मग गलका. सरपंच दाजी उभे राहिले आणि आक्काकडे बघून म्हणाले, "सुगंधा, ह्या काय? तू शंभर घातलंस ना?"

तेव्हा सगळा प्रकार बाहेर आला. सरांनी मोजणीची रीत समजावली तेव्हा गावानं विज्ञान अगदी नीट समजून घेतलं होतं. गरम पाण्यात आवाज लवकर पोचतो. मग आपण शंभर मिलिसेकंद उशीर घातला, की समुद्र थंड! आकडा शेवटी काढून टाकतात, हे सरांनी दहा वेळा सांगितलं होतं. पण सरकारनं एकदा घेतलेली वस्तू परत काढून टाकलेली गावानं आजवर पाहिली नव्हती, त्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. जाईल तेवढा उशीर घाल, असं सांगून त्यांनी आक्काला पाठवलं होतं.

इस्त्रीवाले गृहस्थ उठले. "म्हणजे गावाकडून आकडा घातलाच गेला नाही. दुसरं कुलूप लागलंच नव्हतं. नियमाप्रमाणे ही मोजणी रद्द व्हायला हवी."

रद्द म्हणजे मुदत संपली. मुदत संपली म्हणजे केबलचा आकडा कायम. अधिकारी बाईंनी नियमांचा कागद पुढे ओढला. सरांचा चेहरा उतरला. ते आक्काकडे वळले. "सुगंधाबाई, तुम्ही आकडा घालायचं विसरलात का? की यंत्र चाललं नाही?"

आक्का उभी राहिली. पदर खोचला.

"इसारलंय नाय. घातलंय. शून्य घातलंय, आणि त्या हिरव्या बटणार बोट दाबलंय. तुमीच म्हणालास, उणे शंभर ते अधिक शंभर, मधला कायव चलात. शून्य मधी येता का नाय येता?"

सरांनी यंत्रातली नोंद उघडली. शून्य घालून कायम केल्याची खूण तिथं होती. ते अधिकारी बाईंना म्हणाले, "मॅडम, शून्य हा आकडा आहे. मर्यादेत आहे. आणि निलांबरीला तो ठाऊक नव्हता. माझा आकडाही ठाऊक नव्हता. मोजणी आंधळीच झाली आहे." बाईंनी नियम पुन्हा वाचला, गृहस्थांकडे पाहिलं आणि मान डोलावली. "पुढं चला."

सरांनी कळ दाबली. पडद्यावर आलं, बारा सहस्रांश अंश, कमीजास्त तीन.

मी ते वाचलं, पण अर्थ डोक्यात शिरेना. कायद्याची रेषा होती दोन शतांशांवर, म्हणजे वीस सहस्रांशांवर. बारा. धरून चाला पंधरा. तरीही खालीच. समुद्र तापत होता, पण केबलनं सांगितलं त्याच्या निम्म्यानंही नाही. सर मराठीत, मग आणखी सोप्या मराठीत तेच सांगत होते आणि दाजी मध्येच ओरडले, "म्हणजे गाव रवलो काय, ता सांगा!"

"राहिलं," सर म्हणाले. "गाव राहिलं. पण समुद्र तापतोच आहे, हे विसरू नका. दर पाच वर्षांनी आम्ही परत मोजणार. बांध उंच करावा लागेल, विहिरी जपाव्या लागतील."

पुढचं कुणी ऐकलं नाही. बाकं सरकली, पोरं बाहेर पळाली, कुणीतरी शाळेची घंटा बडवायला लागलं. इस्त्रीवाले गृहस्थ सरांपाशी जाऊन म्हणाले की खाली यंत्र पाठवून नळकांडी बघायलाच हवीत. ती पुढं बघितली गेली, आणि बहुतेक सगळी गाळाखाली सापडली. पण ते नंतर. त्या वेळी मी पहिलीच्या वर्गातल्या एका बुटक्या बाकावर बसून राहिले होते. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दोन वर्षं छातीवर कुणी बसलं होतं, ते उठून गेलं.

आक्का येऊन शेजारी बसली. बाक करकरलं. मी म्हणाले, "आक्का, ह्या कायमचा नाय हां. पुढे-मागे..."

"कायमचा कोणाचा काय आसता गो? माज्या हयातीत पुरात मा?"

"पुरात. तुज्या नातवंडांकाव पुरात."

"मगे झाला."

"त्या दिवशी फाटकार काय विचारूक इल्लंस?"

"ताच. शून्य घातलेला चलता काय, तुज्या कामात खोटी येवची नाय मा, ता विचारूक. तू कानांत बोटां घालून नाचूक लागलंस. वॉचमन माका म्हणता, बाई बऱ्या आसत मा?"

मला हसू आलं. मग मी विचारलं, "पण गाववाल्यांनी शंभर सांगल्यानी, तर शून्य कित्याक घातलंस? खरा सांग."

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. बाहेर घंटा अजून चालली होती.

"शंभरच घालूचा म्हणान बसलंय. मगे तुजे ते सायेब म्हणाले, बाई, ह्या कुलूप आसा, कोणी लबाडी करू नये म्हणान. मी म्हटलंय, कुलूप कोणार? निलार? माझो हात फुडे जाईना. दोन वर्सां तुज्याशी बोललंय नाय ता खरा. पण तू खोटा मोजशीत, असा एक दिस माज्या मनात इला नाय."

मी तोंडावर हात धरला, पण उपयोग झाला नाही. पहिलीच्या बाकावर बसून मी पहिलीतल्या पोरीसारखं भोकाड पसरलं. दारातून दोन-तीन माणसं डोकावली. आक्कानं माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं.

"गप रव गो बाय. भायल्यांका वाटात, गाव उठलो."